राखेवर उलटा हात

घराबाहेर पडण्याआधी मामा स्वयंपाकघरात जायचा आणि गॅसच्या दोन्ही बर्नरवर उजवा हात उलटा धरायचा. हाताची मागची बाजू खाली, आधी वीतभर अंतरावर, मग हळूहळू खाली. चहा होऊन तासभर झालेला असो, की त्या दिवशी गॅस पेटलाच नसो, हे चुकायचं नाही. मामी दारातून म्हणायची, "शेगडीला आशीर्वाद देऊन झाला असेल तर निघा आता." तो निघायचा. जीपची किल्ली, पाण्याचा कॅन, लांब दांड्याचा लोखंडी पंजा आणि जाड पोत्यांची गुंडाळी एवढं सामान घेऊन.

मामा वनरक्षक होता. तेहतीस वर्षं त्याने एकाच हद्दीत काम केलं. मी एम.ए.ची दोन वर्षं त्याच्या घरी राहिले, म्हणून त्यातली शेवटची दोन मला जवळून दिसली.

उलट्या हाताचं कारण त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तळहाताला घट्टे पडतात, त्याला ऊब कळत नाही. मागची कातडी पातळ असते, तिला राखेच्या पोटात दडलेला निखारा वरूनच कळतो. "डोळ्यांवर विश्वास ठेवू नये," तो म्हणाला होता. "राख दिसायला कायम थंडच असते."

त्याच्या हद्दीच्या तोंडाशी, डांबरी रस्त्यालगत, खात्याचा आखीव तळ होता. तिथे नंबर घातलेले चौकोन होते, नळ होते, संडास होते, आणि महिनाभर आधी नाव नोंदवावं लागायचं. तो मामाचा नव्हता. मामाची हद्द तिथून पुढे, पूल ओलांडला की सुरू व्हायची. नदीच्या कडेने गेलेला एकोणीस किलोमीटरचा कच्चा रस्ता आणि दोन्ही अंगांना सरकारी जंगल. तिथे कुणीही यावं, आवडेल तिथे तंबू ठोकावा. भाडं नाही, नंबर नाही, नळही नाही. नियम चारच. एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही, तंबू पाण्यापासून शंभर पावलं दूर, कचरा परत न्यायचा आणि निघताना विस्तव गार करायचा. "चार नियम आणि चाळीस पळवाटा," असं मामा म्हणायचा.

लोक गेले की मामा यायचा. आधी राखेवर हात, गरम लागली तर पाणी, काठीने ढवळणं, पुन्हा हात. मग गार राख पोत्यात. चुलीभोवती लोकांनी रचलेलं दगडांचं कडं तो मोडायचा आणि एकेक दगड लांब, काळी बाजू खाली करून ठेवून द्यायचा. तुडवलेल्या जमिनीवर पंजा फिरवून पाचोळा पसरायचा. गाडीच्या चाकांच्या खुणांवरून झाडाची फांदी ओढत न्यायचा. अर्ध्या तासाने त्या जागी उभं राहिलं तर काल तिथे पाच माणसं जेवली, भांडली आणि झोपली होती हे सांगूनही पटलं नसतं. ऑफिसात त्याला खोडरबर म्हणत. त्याला ते आवडायचं नाही, पण त्याने कधी नाकारलंही नाही.

"कडं तसंच राहिलं की पुढचा माणूस तिथेच चूल मांडतो," तो मला समजावायचा. "मग त्याच्या पुढचाही. वर्षभरात तिथे गवत उगवत नाही. आणि दुसरं असं, की जागा कोरी दिसली की येणाऱ्याला वाटतं, ही आपल्यालाच सापडली. बायकापोरांना कौतुकाने दाखवतो. मग कचरा टाकताना जरा लाजतो."

तो स्वतः मात्र तिथे एकदाही मुक्कामाला राहिला नव्हता. "ड्युटीवर कसला मुक्काम," म्हणायचा, आणि सुट्टीच्या दिवशी मामी जंगलाचं नावही काढू द्यायची नाही.

नदीपलीकडची हद्द दुसऱ्या वनरक्षकाकडे होती. त्याच्या जीपमध्ये कायम एक घडीची खुर्ची असायची, आणि ती दिवसातून बराच वेळ उघडलेली असायची, म्हणून त्याचं नाव आरामखुर्ची. माणूस वाईट नव्हता. हसरा होता, कुणालाही स्वतःच्या डब्यातलं द्यायचा. फक्त कामाच्या बाबतीत त्याचं मत होतं की पाऊस आणि वारा हेही खात्याचेच नोकर आहेत, त्यांनाही काहीतरी करू द्यावं.

माझ्या दुसऱ्या वर्षी ऑफिसात नव्या अधिकारी आल्या. माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठ्या असतील. सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि त्या सगळ्यांना काका. त्यांनी जाहीर केलं की उन्हाळ्याच्या शेवटी सगळ्या हद्दींची पाहणी होईल. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. तपासणी येणार म्हटल्यावर मामाने जे कोणीही केलं असतं तेच केलं. आठवडाभर पहाटे जाऊन त्याने एकोणीस किलोमीटर आवरले. रोज अंगाला राखेचा वास घेऊन यायचा आणि जेवता जेवता पेंगायचा.

पाहणी झाल्यावर मॅडमनी मामाला आणि आरामखुर्चीला बोलावलं. त्या दिवशी मामाचा डबा घरी राहिला होता, तो द्यायला मी गेले होते, म्हणून पुढचं मी दारातून ऐकलं.

"काका, तुमच्या बाजूला लोक येतच नाहीत का?" मॅडमनी विचारलं.

"येतात की. शनिवारी तर जागा मिळत नाही."

"मग दिसत का नाहीत?"

"दिसू नयेत म्हणून तर मी आहे," मामा म्हणाला. थोड्या अभिमानानेच म्हणाला.

आरामखुर्चीच्या नाकात चहा गेला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. वरून आदेश होता की जिथे लोक खरोखर राहतात त्याच जागा नकाशात घ्यायच्या आणि चालू ठेवायच्या. जागा वापरात आहे हे ठरवायला चार खुणा होत्या. दगडांचं कडं, राख किंवा कोळसा, तुडवून टणक झालेली जमीन आणि चाकांची वाट. चारांतल्या दोन तरी हव्यात. ज्या पट्ट्यात अशा जागा नाहीत तिथला रस्ता दुरुस्त करायचा नाही, तोंडाशी आडवा दांडा टाकून तो बंद करायचा. माणसं कमी, पैसा कमी.

आरामखुर्चीच्या हद्दीत त्रेचाळीस जागा निघाल्या होत्या. मामाच्या हद्दीत दोन.

"त्या दोन कुठल्या?" मामाने विचारलं.

मॅडमनी बोट ठेवलं. मामा वाकून बघत राहिला. "ह्या माझ्या आजारपणातल्या," तो म्हणाला. "गुडघ्यासाठी दहा दिवस रजेवर होतो तेव्हाच्या. दोनच राहून गेल्या होत्या."

"दोन जागांसाठी एकोणीस किलोमीटर नाही ठेवता येणार, काका. लोकांची गैरसोय नाही व्हायची. पलीकडे आहेत की त्रेचाळीस."

"त्या जागा नाहीत, मॅडम. ते उकिरडे आहेत."

"उकिरडे तर उकिरडे," आरामखुर्ची म्हणाला. "नकाशात आहेत ना?" मग मामाचा चेहरा बघून त्याने जीभ चावली आणि चहाचा कप उगाचच दोन बोटं पुढे सरकवला.

मामा घरी आला आणि त्याने जीप धुतली. मग पुसली. मग परत धुतली. मामीने खिडकीतून बघितलं आणि मला म्हणाली, "काय झालं ते तू सांग. त्यांना विचारलं तर गाडीचा रंग जाईल."

मी सांगितलं. मामी कपाळाला हात लावून हसली आणि मग हसता हसता चिडली. "म्हणजे घासूनपुसून ठेवलेलं भांडं मोडीत, आणि ज्याने घासलंच नाही त्याचं मांडणीवर! बरा न्याय आहे. अहो, ऐकलंत का? तेहतीस वर्षं आपल्या हाताने दगड उचललेत आणि शेवटी पायावरच पाडून घेतलेत."

"माहीत आहे," मामा बाहेरून म्हणाला.

"माहीत असून काय उपयोग! आता काय करणार?"

हरकत नोंदवायला तीस दिवस होते. मामा नोकर असल्यामुळे त्याला हरकत घेता येत नव्हती. जे तिथे राहतात त्यांनी लिहून द्यायला हवं होतं. नाव, पत्ता, कुठे राहिलात, कधी राहिलात. संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. मामा आठवू लागला. एक निळा, कोपऱ्यात ठिगळ लावलेला तंबू, दरवर्षी थंडी सुरू होताना यायचा. एक तीन पायांच्या कुत्रीवाली बाई. दोघे भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत, पण मासे एकत्र पकडतात. एक म्हातारा, चुलीवर इस्त्री तापवून शर्टाला फिरवायचा.

"नावं सांग, मामा."

"नावं कशाला विचारू? लोक तिथे कुणी नाव विचारू नये म्हणून येतात."

"तुझ्या रोजच्या वहीत काही?"

वही मी आणली. तिच्यात एकच रकाना भरायचा असतो, नियमभंग. मामाच्या पद्धतीत नियमभंग नोंदण्याआधी माणसाला एकदा समजवायचं असे, आणि तो बहुतेक समजायचा. त्यामुळे पानामागून पान त्याच्या ठसठशीत अक्षरात 'निरंक' लिहिलेलं होतं. घरात होत्या त्या बारा वर्षांच्या बारा वह्या, सगळ्या तशाच. मी त्या मिटल्या. मामा म्हणाला, "आरामखुर्चीची वही जाडजूड आहे. मारामाऱ्यासुद्धा आहेत तिच्यात." त्याचा आवाज चढला नव्हता, पण बोलता बोलता त्याने माझं पेन घेतलं आणि त्याचं टोपण इतक्या वेळा काढलं आणि लावलं, की शेवटी ते तुटलं.

नावानिशी ओळखता येईल असं एकच माणूस निघालं. एक नर्स. वर्षातून चार दिवस एकटी यायची आणि दिवसभर झोपायची. तिच्या गाडीच्या आरशाला हॉस्पिटलचं ओळखपत्र टांगलेलं असायचं, म्हणून मामाला तिचं नाव आणि ते हॉस्पिटल ठाऊक होतं. मी फोन केला. "बंद?" ती म्हणाली. मग म्हणाली, "कधी यायचं ते सांगा. मी येते."

सुनावणीला वीस खुर्च्या मांडल्या होत्या. चार भरल्या. नर्स, मामी, मी, आणि चुकून आत आलेला एक गृहस्थ, ज्याला जन्माचा दाखला हवा होता. कच्च्या रस्त्यावर, पुलाच्या कठड्यावर, मामाने पंचवीस ठिकाणी कागद चिकटवले होते. ते वाचून एकही माणूस आला नाही. गर्दी नको म्हणून जे लांब जातात ते सभेला येतील, ही आशाच भाबडी होती. पण ती आम्ही महिनाभर धरून होतो.

नर्स रात्रपाळी करून थेट आली होती. पंख्याखाली बसली आणि पाच मिनिटांत तिची मान कलली. तिचं नाव पुकारलं तेव्हा मामीने तिला कोपराने ढोसलं. "अगं ऊठ, तुझा नंबर."

"कुठल्या बेडला?" ती दचकून म्हणाली, आणि मग उभी राहिली.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "तुम्ही नेमक्या कुठे राहता?"

"नदीकडे. एक आडवं पडलेलं झाड आहे, त्याच्या अलीकडे."

"नकाशावर दाखवाल?"

ती पडद्यापाशी गेली. बोट नदीवरून पुढे नेलं, मागे आणलं. "इथे... नाही, ह्याच्या पुढे. तिथे गेल्यावर कळतं."

"झाडं नकाशात नसतात हो. काही खूण?"

"खूण कशी असेल? आम्ही निघालो की काका..." तिने मामाकडे पाहिलं आणि ती थांबली. "मॅडम, मला तिथे झोप लागते. वर्षात फक्त तिथेच लागते. एवढंच सांगायला आले होते."

मॅडमनी ते लिहून घेतलं. कुठल्या रकान्यात, कोण जाणे.

मग मामीने पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून टेबलावर दणकन ठेवला. मामाने त्याबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं. माळ्यावरून तिने तो शोधून आणला होता. डबा तंबूच्या खुंट्यांनी भरलेला होता. वाकड्या, गंजलेल्या, पिवळ्या, प्लास्टिकच्या, एक तर लाकूड तासून घरी केलेली. लोक विसरून गेलेल्या. परत मागायला येतील म्हणून मामा जपून ठेवायचा.

"हे बघा," मामी म्हणाली. "ह्या काय झाडाला लागतात?"

मॅडमनी एक खुंटी उचलून बोटांत फिरवली. पहिल्यांदाच त्या गडबडल्यासारख्या वाटल्या. "कुठली कुठे मिळाली, ते नाही ना लिहिलेलं?" त्यांनी मामाला विचारलं. मामाने मान हलवली. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी मी स्वतः एकदा परत बघते. तुमच्याबरोबर. एवढं मी करू शकते."

बाहेर आल्यावर आरामखुर्ची झाडाखाली थांबलेला होता. "सोमवार म्हणजे मधे अख्खा रविवार आहे," तो मामाच्या कानाशी म्हणाला. "दगड तिथेच आहेत. लाकडं तिथेच आहेत. मी येतो मदतीला."

"तू नको," मामा म्हणाला. "तू आलास तर खुर्ची उचलायला माणूस लागेल."

रविवारी मीच गेले त्याच्याबरोबर. जाताना तो सबंध रस्ताभर स्वतःशीच वाद घालत होता. "खोटं नाही हे. खोटं कुठे आहे? इथे माणसं राहिली आहेत. मी पुसलं ते मीच परत लिहितो, एवढंच." मग थोड्या वेळाने, "पण असं करायची वेळ यावी, हेच..." आणि वाक्य अर्धंच सोडून गिअर बदलायचा.

त्याला प्रत्येक दगड ठाऊक होता. झुडपात हात घालून तो तोच दगड काढायचा, उलटा करायचा, आणि काळी बाजू दिसली की माझ्याकडे बघायचा, साक्षीदार मिळाल्यासारखा. दिवसभरात आम्ही नऊ कडी रचली. प्रत्येकात लाकडं पेटवली, जळू दिली, विझवली. प्रत्येक राखेवर त्याने उलटा हात धरला. आडव्या झाडापाशी, नर्सच्या जागेवर, त्याने सगळ्यांत जास्त वेळ घेतला. परत येताना माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि मला वाटत होतं की आपण जिंकलो.

सोमवारी मॅडम पहिल्या कड्यापाशी उभ्या राहिल्या, दुसऱ्यापाशी उभ्या राहिल्या. चौथ्यापाशी त्या उकिडव्या बसल्या आणि दगड मोजले. अकरा. पहिल्यातही अकरा होते. मोठा दगड वाऱ्याच्या बाजूला, दोन चपटे भांडं टेकायला, सांधे असे जुळवलेले की बोट जाऊ नये. राख मधोमध, गाळल्यासारखी, आणि कोळशाचा एक तुकडा नाही.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "नऊ घरची माणसं एकसारखी चूल मांडत नाहीत."

संध्याकाळी मला हे सांगताना मामा म्हणाला, "वेडीवाकडी रचायची हे सुचलंच नाही बघ मला. हात तसा चालतच नाही." अख्ख्या प्रकरणात मी त्याला तेव्हाच हसताना पाहिलं, आणि ते हसू बघवत नव्हतं.

मॅडमनी वर कळवलं नसतं तर त्यांची नोकरी गेली असती. तरी त्यांनी सौम्य शब्दांत कळवलं. मामाच्या नावावर तेहतीस वर्षांतला पहिला ठपका आला. पट्टा बंद करायचा ठरला. नऊ कडी मोडायचं काम त्यालाच दिलं, आणि पुलापाशी पाटी ठोकायचंही. 'पुढे मुक्कामास मनाई.' खांब तिरका लागला म्हणून त्याने तो उपटून परत सरळ ठोकला. मामी म्हणाली, "वाकडाच ठेवायचा होतात! एकदा तरी काहीतरी वाकडं ठेवा हो आयुष्यात."

दांडा एक तारखेला पडणार होता. त्याच्या आदल्या शनिवारी मामीनेच फर्मान काढलं की आपण तिघं तिथे राहायला जायचं. "इतकी वर्षं कुठे जात होते ते तरी बघू दे मला." मामाने रजा टाकली आणि शेजाऱ्यांचा तंबू मागून आणला. तो उभा करायला त्याला दीड तास लागला. हजारो तंबूंमागची जमीन त्याने सारखी केली होती, पण आतून तंबू त्याला ठाऊक नव्हता. खुंट्या चार कमी पडल्या, त्या डब्यातल्या लावल्या. रात्री तो लवकर झोपला, आणि मामी म्हणते, घोरलासुद्धा नाही.

त्यानंतर मी परीक्षेसाठी होस्टेलला गेले. बाराव्या दिवशी, दुपारची झोप घेताना, मामा गेला. म्हणून त्या रविवारची सकाळ ही माझी आणि त्याची शेवटची.

मामी चटया झटकत होती आणि कमरेच्या नावाने बोटं मोडत होती. "ह्या दगडांसाठी तेहतीस वर्षं घराबाहेर! निदान जरा सपाट जागा तरी बघायची होतीत." नदीवर धुकं होतं. मामाने चुलीत एक बादली ओतली होती, काठीने राख ढवळली होती, आणि आता तो उकिडवा बसून हात खाली नेत होता. आमच्या चुलीचं कडं मी रचलं होतं. सात दगड, त्यातले दोन डुगडुगणारे.

"मामा," मी विचारलं, "दगड पसरायचे की राहू द्यायचे?"

"राहू द्या हो," मामी लांबून म्हणाली. "एक तरी दिसू दे त्यांना."

त्याने माझ्या कड्याकडे पाहिलं. डुगडुगणारा एक दगड बोटाने हलवून बघितला. मग हात परत उलटा केला, राखेच्या अगदी जवळ नेला आणि थांबवला.

"आधी अजून एक बादली आण," तो म्हणाला. "मधे गरम लागतंय."